आधी खोलीचं तापमान सांगा

होळी झाली की कम्प्युटरच्या या सदराच्या पत्रांचा नूर बदलतो. थंडीत 'कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ' असे प्रश्न असतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून एकच रड सुरू होते: ताई, प्रोसेसर तापतोय. म्हणून या अंकातलं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रांमध्ये प्रोसेसरचा आकडा प्रत्येकाने कळवलाय, काहींनी तर दशांशासह. त्या वेळी खोलीत किती होतं, ते मात्र एका वाचकाचा अपवाद सोडला तर कुणीही लिहिलेलं नाही.

तेव्हा एक विनंती. यापुढे लिहाल तेव्हा आधी खोलीचं तापमान, मग प्रोसेसरचं, आणि मोठ्यातून लहान वजा करून येईल तो आकडा. मला त्या तिसऱ्या आकड्यात रस आहे. वायर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो. माशांच्या टाकीत सोडतात तोच. मोबाइलवरचं हवामान चालणार नाही. ते शहराचं असतं, तुमच्या स्लॅबखालच्या खोलीचं नसतं.

भुसावळहून

*ताई, नमस्कार. माझी बारावीची परीक्षा झाली आहे. कम्प्युटर इंटेल आय-५ १२४००एफ, प्रोसेसरसोबत आलेलाच कूलर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, समोर काच असलेलं कॅबिनेट. डिसेंबरमध्ये गेम खेळताना प्रोसेसर ७५ पर्यंत जायचा. आता दुपारी ९७ दाखवतो आणि गेम मध्येच अडखळतो. दुकानदार म्हणतो कूलर गेला, लिक्विड कूलर बसव. बसवू का?*

नको बसवू. निदान आहे ते तपासल्याशिवाय तरी नको.

तुझं पत्र आल्यावर मी उलट निरोप पाठवून खोलीचा आकडा मागवला होता. तू कळवलंस: वरचा मजला, डोक्यावर स्लॅब, दुपारी तीनला टेबलाशेजारी ४२. डिसेंबरातल्या रात्री त्याच खोलीत २० च्या आसपास असेल असं धरू. आता वजाबाकी कर. तेव्हा ७५ वजा २०, म्हणजे ५५. आता ९७ वजा ४२, पुन्हा ५५. कूलर डिसेंबरात जेवढी उष्णता बाहेर टाकत होता तेवढीच आजही टाकतोय. त्याला काहीही झालेलं नाही.

हे एकदा नीट समजून घे, म्हणजे कुठल्याच दुकानात कुणी तुला गुंडाळणार नाही. प्रोसेसर जेवढे वॅट वीज खातो, त्या सगळ्याची उष्णता होते. ती त्याच्या धातूच्या टोपीतून, टोपी आणि कूलर यांच्यामध्ये लावलेल्या पेस्टमध्ये जाते, पेस्टमधून कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये, आणि पंखा ती हवेत सोडतो. पाती हवेपेक्षा जितकी गरम, तितकी जास्त उष्णता हवा उचलते. त्यामुळे वॅट तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर प्रोसेसर खोलीच्या हवेच्या वर साधारण ठरावीक अंश चढून थांबतो. हवा २० ची असेल तर तिथून मोजायचं, ४२ ची असेल तर तिथून. पंखा असो की पाणी, खोलीच्या हवेपेक्षा खाली कुणीच नेऊ शकत नाही. लिक्विड कूलरसुद्धा शेवटी रेडिएटरवर पंखे लावून त्याच ४२ च्या हवेत उष्णता फेकतो. दोनशे वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला तो शोभतो. तुझ्या प्रोसेसरला त्याची गरज नाही, आणि वर पंप बिघडण्याची एक नवी शक्यता घरात येते ती वेगळीच.

१२४००एफ ची वरची मर्यादा १०० अंश. तिथे टेकला की तो स्वतःच वेग उतरवतो, आणि गेम अडखळतो तो त्याच क्षणी. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम घाल, त्यात 'थर्मल थ्रॉटलिंग' अशी ओळ असते. तिथे 'येस' आलं की समजायचं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही, त्यामुळे तिथे शोधत बसू नकोस.

म्हणजे तुला तो ५५ कमी करायचाय. मला वाटतं त्यातला मोठा वाटा कॅबिनेटचा आहे, कारण कूलरला मिळते ती हवा खोलीची नसते, कॅबिनेटच्या आतली असते, आणि ती ग्राफिक्स कार्डाने आधीच तापवून ठेवलेली असते. तपासायचं असं: बाजूची काच काढ आणि तोच गेम अर्धा तास खेळ. आकडा एखाददुसऱ्या अंशानेच उतरला तर कॅबिनेट निर्दोष, मग कूलर आणि पेस्टकडे वळायचं. आठ-दहा अंश उतरला तर कॅबिनेट गुदमरतंय. तू हे करून पाहिलंस आणि ८८ आलं असं कळवलंस. प्रश्न सुटला. निम्मा तरी.

समोर अखंड काच असलेली ही कॅबिनेटं दिसायला झोकदार असतात. मला ती मुळीच आवडत नाहीत. काचेमागचे तीन रंगीत पंखे हवा घेतात कुठून, तर कडेच्या बोटभर फटीतून. काचेला खिळे किंवा स्क्रू असतील तर उन्हाळाभर ती काढूनच ठेव. मग उदबत्ती लावून धूर प्रत्येक पंख्याजवळ धर. पुढचे पंखे धूर आत ओढायला हवेत, मागचा बाहेर फेकायला हवा. तुझ्या फोटोत मागे पंखाच दिसत नाही! तिथे १२० मिलिमीटरचा साधा पंखा बसव, दिवे नसलेला. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्यांची चौकट असते त्या बाजूने हवा बाहेर पडते, एवढं बघून लाव. कॅबिनेटची पाठ भिंतीला चिकटलेली असेल तर वीतभर पुढे ओढ.

मग बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा मदरबोर्डच्या सेटिंगचा पडदा. इंटेलने या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ६५ वॅट आणि टर्बोची, म्हणजे जोरात धावतानाची, ११७ वॅट ठेवलीय. काही मदरबोर्ड हा बांधसुद्धा काढून टाकतात. बायोसमध्ये पीएल-१ आणि पीएल-२, किंवा 'लाँग' आणि 'शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट' अशा दोन ओळी सापडतील. दोन्हींत ६५ लिही. गेममध्ये फरक जेमतेम जाणवेल, तापमानात नक्की जाणवेल. आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमला मर्यादा घाल. मॉनिटर ७५ हर्ट्‌झचा असेल तर सेकंदाला ७५ चित्रांच्या वर तो दाखवूच शकत नाही. वरची शंभर चित्रं कम्प्युटर काढतो आणि टाकून देतो, त्याची उष्णता मात्र तुझ्या खोलीत राहते.

एवढं करूनही आकडा ९० च्या वर राहिला तर दीड-दोन हजारांच्या घरातला उभा टॉवर कूलर घे. खोक्यावर १७०० सॉकेट (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) लिहिलंय का बघ, कारण त्याच्या आधीच्या १२०० सॉकेटची भोकं वेगळ्या अंतरावर असतात. कूलरची उंची आणि कॅबिनेटची आतली रुंदी दोन्ही मोजून जा. काच लागत नाही म्हणून परत आलेले कूलर माझ्या दुकानात नेहमी पडलेले असतात.

शेवटचं, वडिलांना दाखव. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारला तर वरच्या खोलीत चांगला फरक पडतो, आणि खोली जितके अंश उतरेल तितकेच प्रोसेसरही उतरेल. तोवर दुपारी तीनला खेळणं सोड. रात्री नऊलाही उपयोग नाही, तेव्हा स्लॅब दिवसभराचं ऊन परत देत असतो. सगळ्यात थंड वेळ पहाटेची. पहाटे पाचला उठून गेम लावलास तर आई काय म्हणेल, त्याला मी जबाबदार नाही.

चोपडा तालुक्यातून

*ताई, आम्ही केळीवाले शेतकरी. मुलाचा कम्प्युटर ९० डिग्री दाखवतो. मी म्हटलं, 'हाई इतलं कसं काय तापस?' तर तो म्हणतो, नॉर्मल आहे. ९० म्हणजे पाणी उकळायला आलं. घराला आग लागणार नाही ना? आणि वीज किती खातो हा?*

दादा, पोरगा अगदीच खोटं बोलत नाहीये. ते ९० अंश अख्ख्या डब्याचं तापमान नसतं. अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याच्या आतलं असतं. तो तुकडा त्यासाठीच बनवलेला असतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे. एएमडीने तर रायझन ७००० मालिका जोर पडला की ९५ पर्यंत जाणार हे धरूनच बनवली. मर्यादेला टेकला की तो वेग उतरवतो, आणि तरीही आवरलं नाही तर कम्प्युटर आपोआप बंद होतो. कागद पेटायलाही २०० अंशांच्या वर लागतं. प्रोसेसर तापून घर पेटलं असं होत नाही.

आग लागायची असेल तर ती डब्याच्या बाहेर लागते. भिंतीतलं सैल सॉकेट, त्यात जुना एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर कम्प्युटर, मॉनिटर, हवेचा कूलर आणि कुणीतरी मध्येच लावलेली इस्त्री. मुलाला तासभर खेळू द्या. मग सगळं बंद करायला लावा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि लगेच प्लगचं प्लास्टिक चाचपा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, किंवा पिनांच्या मुळाशी पिवळं-काळं झालेलं दिसलं, तर त्या दिवशीच सॉकेट बदला. इस्त्री त्या बोर्डावर कधीच नको.

आणखी एक. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, ते विचारा त्याला. येत असतील तर अर्थिंग नीट नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी ठाक पडते आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. केळीला रोज पाणी देताच, चार बादल्या त्या खड्ड्यातही जाऊ द्या. तरीही झिणझिण्या राहिल्या तर वायरमनला बोलवा.

विजेचं म्हणाल तर गेम चालू असताना असा कम्प्युटर मॉनिटरसह सुमारे ३०० वॅट घेतो असं धरा. चार तास खेळला तर १.२ युनिट. बिलापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: ते ३०० वॅट सगळेच्या सगळे उष्णता होऊन खोलीतच राहतात. भर दुपारी बंद खोलीत गेम चालू म्हणजे तेवढ्या वॅटचा हीटर चालू. दार उघडं ठेवायला सांगा.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून

*घर जुनं धाब्याचं आहे, त्यामुळे दुपारीही खोली ३५ च्या वर जात नाही, मोजलंय. रायझन ५ ५६००जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच खोलीत गेममध्ये ७१ असायचा. आता ८९. मध्ये काहीच बदललेलं नाही. कॅबिनेट कधी उघडलेलं नाही. गावाजवळ जिनिंग आहे.*

खोलीचा आकडा देणारे हेच ते एकमेव वाचक. त्यामुळे यांचं उत्तर पत्र वाचता वाचताच मिळालं. तेव्हा ७१ वजा ३५, म्हणजे ३६. आता ८९ वजा ३५, म्हणजे ५४. हवा तीच, प्रोसेसर तोच, अंतर मात्र अठरा अंशांनी वाढलं. भुसावळच्या मुलाचा कूलर ठणठणीत होता, तुमचा आजारी आहे.

'काहीच बदललेलं नाही' असं तुम्ही लिहिता आणि पुढच्याच ओळीत 'कधी उघडलेलं नाही' असंही लिहिता! धाब्याचं घर उन्हाळ्यात सुख देतं खरं, पण कडीपाटाच्या फटींतून माती सतत झरत असते. त्यात जिनिंगचे कापसाचे तंतू. नुसती धूळ पात्यांमधून निम्मी निघून तरी जाते. तंतू अडकतात, माती त्यांना धरून बसते आणि पंख्याच्या खाली, पात्यांच्या तोंडावर एक जाड थर तयार होतो. वरून बघितलं तर पंखा फिरताना दिसतो, सगळं छान वाटतं. थर पंख्याच्या पोटाखाली असतो.

कॅबिनेट ओट्यावर न्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. आधी एक इंची कोरड्या ब्रशने थर मोकळा करा, मग ब्लोअर. एसएमपीएसला, म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याला, बाहेरूनच फुंका, उघडू नका. त्यात प्लग काढल्यावरही काही काळ विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

एवढ्याने बहुधा दहा-बारा अंश उतरतील. राहिलेलं काम पेस्टचं, आणि तिथे मात्र सांभाळा. तुमचा प्रोसेसर एएम-४ सॉकेटचा, म्हणजे त्याच्या पोटाला १३३१ बारीक पिना आहेत. पेस्ट वाळलेली असताना कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटचं कुलूप बंद असूनही प्रोसेसर दाढेसारखा उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पंधरा मिनिटं एखादा गेम चालवा, पेस्ट मऊ होऊ द्या. मग बंद करा, प्लग काढा, बंद अवस्थेतच पॉवरचं बटण एकदा दाबा. कूलरचे चार स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे सैल करत जा. स्क्रू सुटले की मदरबोर्डच्या मागची लोखंडी पट्टीही सैल होते, तिला मागून हात द्या. आता कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवा. तो सरकायला लागला की मगच उचला.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आपल्या भागात हात आपोआप कापसाच्या बोळ्याकडे जातो. तो नको, तंतू राहतात. चष्म्याचं कापड घ्या. नवी पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी, बोटाने पसरवायची नाही. कूलर दाबला की ती आपली आपण पसरते. पुन्हा बसवताना स्क्रू तसेच तिरप्या जोडीने.

बायोसमध्ये ४५ वॅटचा 'इको मोड' मिळाला तर तोही लावून बघा, मूळ ६५ आहे. आणि टेबलाच्या वर जुनी साडी छतासारखी ताणून बांधा, माती तिच्यात पडेल. कॅबिनेटवर थेट कापड टाकायचं असेल तर फक्त ते बंद असताना.

धुळ्याहून

*व्हिडिओ बघून मी स्वतः पेस्ट बदलली. आय-५ १०४००एफ. आधी गेममध्ये ८४ होता. आता नुसता चालू केला तरी बायोसमध्येच ८५-९० दाखवतो. पेस्ट खराब निघाली का?*

पेस्ट इतकी खराब नसते, भाऊ. नुसतं चालू केल्या केल्या ९० म्हणजे कूलर प्रोसेसरला टेकलेलाच नाही. यात आकडा किती, यापेक्षा तो किती वेगाने चढतो ते बघायचं असतं. गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढला तर हवेचा दोष: कॅबिनेट, धूळ, खोली. दोन-तीन सेकंदांत ४० वरून ९० वर उडी मारली तर संपर्काचा दोष: कूलर, पेस्ट, पिना.

तुमच्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या आहेत. इंटेलची ही खुंटी मला बिलकूल पटलेली नाही, पण आहे ती अशी आहे. तिच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने फिरवली की ती सुटते. म्हणजे बसवण्याआधी चारही खुंट्या बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणायच्या. बहुतेक जण काढताना फिरवतात, परत आणायला विसरतात, आणि मग ती कितीही दाबली तरी धरत नाही. कूलर सपाट ठेवा, समोरासमोरच्या दोन खुंट्या एकदम दाबा, 'टक्' असा आवाज येईल. मग उरलेल्या दोन. शेवटी कॅबिनेटच्या मागचं झाकण काढून मदरबोर्डच्या पाठीमागे टॉर्च मारा. चारही भोकांतून पांढऱ्या टोकांमध्ये काळी काडी घुसलेली दिसली पाहिजे. तीन ठिकाणी दिसते आणि एक कोपरा अधांतरी, हे माझ्या टेबलावर नेहमीचं. टोक तुटलं असेल तर नव्या खुंट्यांचा संच मिळतो.

नवा कूलर आणला असेल तर तळाची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढलीत ना? आणि पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावलीत ना? बघून घ्या. कूलर उचलाल तेव्हा पेस्ट पुसून नवी लावावी लागेल, जुन्याच पेस्टवर परत दाबू नका, मध्ये हवा अडकते.

शहाद्याहून

*ताई, भावाने कम्प्युटर बरोबर एअर कूलरच्या झोतासमोर ठेवलाय. म्हणतो, प्रोसेसर दहा अंशांनी उतरला. पण कॅबिनेटच्या जाळीवर पांढरी भुकटी जमते आहे. आणि आम्हा बाकीच्यांना वारा लागत नाही!*

भाऊ अर्धा बरोबर आहे. कोरड्या मे महिन्यात पाण्याचा कूलर ४२ ची खोली सहज ३१-३२ वर आणतो, आणि तेवढाच उतार प्रोसेसरलाही मिळतो. त्याच्या दहा अंशांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्यासाठी कम्प्युटर झोतात असायची गरज नाही. तो खोलीत असला तरी पुरतं.

पांढरी भुकटी म्हणजे पाण्यातले क्षार. बोअरचं पाणी कूलरमध्ये घातलं की बारीक तुषारांबरोबर क्षार उडतात, पाणी सुकतं, क्षार उरतात. जाळीवर दिसतात म्हणजे आत मदरबोर्डवरही असणार. ओलसर हवेत हेच क्षार आणि धूळ मिळून चिकट थर बनतो, तो ब्रशने निघत नाही, आणि पावसाळ्यात दमट हवा लागली की त्यातून वीज वाट काढू शकते. कम्प्युटर झोताच्या बाजूला, चार-पाच फूट दूर, जमिनीपासून उंच ठेवायला सांग. समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली कोंदट होते आणि कूलर हवा गार करेनासा होतो. पहिला पाऊस पडला की पाणी बंद करून नुसता पंखा चालवा. दमट हवेत पाणी सुकत नाही, त्यामुळे गारवाही येत नाही.

बाकी झोतावर हक्क कुणाचा, हा घरचा मामला. माझं मत आईच्या बाजूने.

पाचोऱ्याहून

*पेस्ट संपली होती, मित्राने टूथपेस्ट लावून दिली. तापमान छान आलं. चालेल ना?*

आज छान येईल. टूथपेस्टमधलं पाणी प्रोसेसरच्या उष्णतेने काही दिवसांत उडून जातं, मागे खडूसारखी पूड राहते आणि आकडा उसळतो. मित्राला पेस्टची छोटी नळी आणायला सांगा, खर्च त्याच्याकडून घ्या.

रावेरहून

*बाजूचं झाकण काढलं की सहा अंश कमी होतात. मग उन्हाळाभर उघडंच ठेवलं तर?*

तपासणीपुरतं उघडा, मुक्कामाला नको. उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ दुप्पट वेगाने जमते हे एक. दुसरं कारण पाल. तिला ऊब आणि किडे दोन्ही तिथे मिळतात, ती एसएमपीएसच्या आसपास मुक्काम करते आणि एखाद्या रात्री दोन टोकांना एकदम चिकटते. मग पालही जाते, मदरबोर्डही. घरात उंदीर असतील तर वायरींचं सांगायलाच नको. सहा अंश कमी होतात याचा अर्थ मागच्या बाजूला एक पंखा हवाय. तो लावा आणि झाकण बसवा. समोरून जाळी लावायची असेल तर चुंबकाची पट्टी असलेली बारीक जाळी घ्या, महिन्यातून एकदा नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून परत चिकटवता येते. मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून लावू नका, त्याने हवाच अडते.